ऐकून घेणाऱ्या मावशीविषयी लिहिताना

वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक सदर एकाच पत्राला दिले आहे. पत्र मोठे आहे आणि त्यात एकमेकांत गुंतलेले चार प्रश्न आहेत. उत्तराच्या सोयीसाठी मी ते वेगळे केले असले, तरी शब्द पत्रलेखिकेचेच ठेवले आहेत. ओळख पटेल असा तपशील तिच्या संमतीने वगळला आहे. शेवटी दुसऱ्या एका वाचकाचे छोटे पत्र आहे. तेही याच विषयाचे आहे, फक्त दाराच्या पलीकडच्या बाजूने लिहिलेले.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझी मावशी पाच महिन्यांपूर्वी गेली. ती समुपदेशक होती. आधी एका शाळेत आणि नंतर स्वतंत्रपणे, अशी जवळजवळ तीस वर्षे तिने हे काम केले. शाळा संपल्यापासून ते अगदी गेल्या वर्षापर्यंत, माझ्या प्रत्येक अवघड वळणावर मी तिच्याकडे गेले आहे. तिच्या पहिल्या स्मृतिदिनी आम्ही घरची मंडळी एक छोटी पुस्तिका काढणार आहोत आणि तिच्या आयुष्यावरचा मुख्य लेख मी लिहावा, असे सगळ्यांचे म्हणणे आहे. मी लिहायला बसते तेव्हा प्रेमळ, समजूतदार, निःस्वार्थी, सर्वांना आधार देणारी एवढेच शब्द उतरतात आणि वाचून पाहिले की ती कोणाचीही मावशी वाटते. चारदा लिहिले आणि चारदा फाडले. जन्म, शिक्षण, नोकरी असा क्रम लावला तर तो अर्जासोबत जोडायच्या माहितीसारखा दिसतो. तिच्या कामाविषयी लिहावे, तर बंद दाराआड काय चालायचे ते मला ठाऊकच नाही. लेख कोठून सुरू करू?

ता. क. : एक आठवले म्हणून लिहिते. मावशीच्या खोलीत दाराशी एक बुटके लाकडी स्टूल असायचे. मी रडत गेले की ती मला खुर्चीत बसवायची आणि स्वतः ते स्टूल ओढून त्यावर बसायची. लहानपणी मला वाटे, खुर्ची एकच आहे म्हणून. खोलीत खुर्च्या तीन होत्या.

उत्तर : तुमचा लेख सुरू झालेला आहे आणि तो ता. क.मध्ये आहे. मुख्य पत्र लिहून झाले, आता कोणाला काही पटवून द्यायचे उरले नाही, असे वाटले की हात सैल सुटतो आणि चार वेळा फाडलेल्या लेखात जी आली नव्हती नेमकी तीच गोष्ट कागदावर उतरते. खोलीत तीन खुर्च्या असताना एक जाणती बाई बुटक्या स्टुलावर बसते, कारण रडणाऱ्या मुलीला मान वर करून कोणाकडे पाहावे लागू नये, पाहायचेच तर आपण खालून वर पाहावे, एवढा विचार तिने केलेला असतो. तो तिने कधी बोलून दाखवला नाही. तुम्ही पुढे केव्हातरी खुर्च्या मोजल्या तेव्हा तो तुम्हाला कळला. लेखातला 'समजूतदार' हा शब्द खोडा आणि त्या जागी हे स्टूल ठेवा. त्याचा अर्थ उलगडून सांगू नका. खुर्च्या तीन होत्या, या तुमच्याच वाक्यावर थांबा.

विशेषण म्हणजे आपण दिलेला निकाल असतो. लिहिणाऱ्याने तो अनेक वर्षांच्या सहवासानंतर दिलेला असतो, म्हणून त्याला तो भरलेला वाटतो. वाचणाऱ्यासमोर मात्र साक्षीपुरावा काहीच आलेला नसतो, त्यामुळे त्याच्या हाती कोरडा शब्द तेवढा पडतो. माझी आत्या गेली तेव्हा मीही असाच एक लेख लिहिला होता. काही वर्षांनी तो पुन्हा वाचला तेव्हा त्यात आत्या मला कोठेच सापडली नाही. तिचे जे आजही माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभे आहे ते हे, की कोणी मनातले बोलू लागले की ती शिवण थांबवायची, हातातली सुई कापडात टोचून ठेवायची आणि बोलणे संपेपर्यंत त्या सुईला हात लावायची नाही. हे मी त्या लेखात लिहिलेच नव्हते. त्याची रुखरुख मला अजून आहे, म्हणून तुम्हाला इतक्या आग्रहाने सांगते.

बंद दाराआडचे तुम्हाला ठाऊक नाही, हे अर्धेच खरे आहे. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली एका निबंधात, समुपदेशनाने माणसात बदल घडायचा असेल तर काय काय असावे लागते, याच्या सहा अटी मांडल्या. त्यांतल्या तीन समुपदेशकाच्या स्वतःच्या वृत्तीविषयीच्या आहेत : आत एक आणि बाहेर एक असे न राहणे, समोरच्या माणसाचा कोणतीही अट न घालता स्वीकार करणे, आणि त्याचे जग त्याच्या जागेवरून समजून घेणे, मात्र ते करताना आपली जागा विसरून त्याच्या दुःखात वाहून न जाणे. हुशारीने सल्ला देणे ही त्या सहांपैकी एकही अट नाही. आता तुमचे स्वतःचे प्रसंग आठवा. परीक्षेत अपयश आले तेव्हा, लग्न मोडायची वेळ आली तेव्हा, जे काही तुमच्या वाट्याला आले असेल तेव्हा, मावशीने पहिला प्रश्न कोणता विचारला, किती वेळ ती काहीच बोलली नाही, आणि तिला तुमचे चुकले असे वाटत असताना ते तिने कोणत्या शब्दांत सांगितले? नात्यातल्या माणसाला समुपदेशक व्यावसायिक नात्याने स्वीकारत नाहीत, तो त्यांच्या शिस्तीचाच भाग असतो. म्हणजे तुमच्यासाठी ती मावशीच होती, फक्त आयुष्यभराचा ऐकण्याचा सराव असलेली. म्हणून तुमच्यातले आणि तिच्यातले संभाषण तुमच्या मालकीचे आहे. ते तुम्ही मोकळेपणाने लिहू शकता आणि दाराआड ती कशी असेल याची कल्पना वाचकाला त्यावरूनच येईल.

आपल्या भाषेत ऐकणे वेगळे आणि ऐकून घेणे वेगळे. कोणाचे ऐकून घेणे म्हणजे शांतपणे सगळे बोलू देणे, आणि कोणाकडून ऐकून घेणे म्हणजे त्याचे कडू शब्द निमूट सोसणे. समुपदेशकाच्या वाट्याला दोन्ही येते, कारण दुःखाने आलेला माणूस पुष्कळदा रागाने बोलतो आणि तो राग समोर बसलेल्यावरच निघतो. तुमच्याही रागाचे मावशीने कधी ऐकून घेतले असेल. तो प्रसंग लेखात अवश्य यावा.

घरच्यांकडून आठवणी गोळा करताना 'ती कशी होती' असे कोणालाही विचारू नका. उत्तरात पुन्हा तीच चार विशेषणे येतील. शेवटचे भेटलात तेव्हा ती कोठे बसली होती, दिवसभराचे काम संपवून खोलीबाहेर आली की पहिल्यांदा काय करायची, तिला कोणत्या गोष्टीचा मनस्वी राग येई, तिचे ठरलेले शब्द कोणते होते, असे विचारा. खोलीबाहेर आल्यानंतरचा तो अर्धा तास मला फार महत्त्वाचा वाटतो. पाच-सहा माणसांची दुःखे ऐकून उठलेली बाई घरच्यांत मिसळण्याआधी काय करते, हे तिच्या मुलाने पाहिलेले असणार आणि त्याला ते सांगण्यासारखे आहे असे आजवर वाटलेही नसणार.

जन्म, शिक्षण, नोकरी यांची वर्षे कागदपत्रांवरून पडताळून शेवटी वेगळ्या चौकटीत द्या. त्याच चौकटीत तिच्या कामाविषयी दोन-तीन वाक्ये असावीत, कारण पुस्तिका वाचणाऱ्या लहान मुलांना ते माहीत नसेल. शाळेतल्या समुपदेशनाची एक मोठी वाट व्यवसाय मार्गदर्शनातून आली. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बॉस्टनमध्ये तरुणांना कामधंदा निवडायला मदत करणारे कार्यालय सुरू केले, आणि मुलाने आधी स्वतःला ओळखावे, मग कामांची माहिती घ्यावी आणि नंतर दोहोंची सांगड घालावी, अशी त्यांची मांडणी होती. तुमच्या मावशीकडे येणारी मुले पुढे काय शिकू हे विचारायला येत असतील आणि घरात काय चालले आहे हे सांगून जात असतील. शाळेत समुपदेशन करणाऱ्यांकडून मी हे वारंवार ऐकले आहे.

प्रश्न : तिच्या कपाटात चौदा वह्या सापडल्या. प्रत्येकीवर वर्ष घातलेले आहे. आत तारखा आहेत आणि नावांऐवजी एकेक अक्षर आहे. मी एक पान वाचले आणि वही मिटली. माझा भाऊ म्हणतो, नावे नाहीत तर वाचायला काय हरकत आहे, त्यातले दोन-तीन प्रसंग घेतले तर तिच्या कामाची थोरवी लोकांना कळेल. शिवाय ती गेल्यानंतर अनोळखी माणसे भेटून सांगतात की तुमच्या मावशीमुळे मी आज जिवंत आहे. हे लिहावे का?

उत्तर : भावाला माझ्या वतीने सांगा की हरकत आहे आणि ती मोठी आहे. नाव काढले म्हणून गोष्ट परकी होत नाही. ज्याची ती आहे त्याला ती दोन ओळींत ओळखू येते, आणि त्याच्या जवळच्यांनाही येते. मावशीच्या पोटात गेलेले ओठांवर येत नाही, या भरवशावर ती माणसे दार लोटून आत आली होती. ती गेली म्हणून तिने दिलेला शब्द संपत नाही, आणि तो मोडायचा अधिकार वारसाहक्काने कोणाकडे येतही नाही.

असा एक वाद बराच गाजलेला आहे. अमेरिकी कवयित्री ॲन सेक्स्टन १९७४ साली गेली. तिच्या उपचारांच्या बैठकींच्या ध्वनिफिती तिचे मानसोपचारतज्ज्ञ मार्टिन ऑर्न यांच्याजवळ होत्या. त्या त्यांनी चरित्रलेखिका डायान मिडलब्रुक यांना वापरू दिल्या आणि १९९१ मध्ये चरित्र प्रसिद्ध झाले. सेक्स्टनच्या साहित्याची व्यवस्था पाहणाऱ्या तिच्या मुलीची संमती होती, तरीही कितीतरी मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला उघड आक्षेप घेतला. तेथे बोलणारी गेली होती आणि ऐकणारा हयात होता. तुमच्याकडे नेमके उलट आहे. ऐकणारी गेली आहे आणि बोललेली माणसे हयात आहेत, कदाचित त्याच गावात, कदाचित पुस्तिका हातात पडेल इतक्या जवळ. त्यांची संमती त्या अक्षरांवरून तुम्हाला मिळवता येणार नाही आणि त्यांना शोधायला जाणे हाही भंगच ठरेल.

आता वह्यांचे काय करायचे ते सांगते. सगळ्या एकत्र बांधून कुलुपात ठेवा आणि किल्ली एकाच माणसाकडे असू द्या. मावशीच्या कागदपत्रांत याविषयी काही लिहून ठेवले आहे का ते पाहा. आपल्यामागे नोंदी कोणाच्या ताब्यात जाव्यात याची व्यवस्था समुपदेशकाने आधीच करून ठेवावी, अशी अपेक्षा व्यावसायिक आचारसंहितांमध्ये असते, अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४च्या संहितेतही ती स्पष्ट आहे. शाळेतल्या कामाच्या वह्या असतील तर त्यांचे काय करायचे हे शाळेला विचारा. स्वतंत्र कामाच्या वह्या तिच्या विश्वासातल्या एखाद्या समुपदेशक सहकाऱ्याकडे सोपवा. नोंदी किती काळ जपायच्या आणि कशा नष्ट करायच्या हे त्या त्या ठिकाणच्या नियमांप्रमाणे ते ठरवतील. तुम्ही जे एक पान वाचले ते विसरता येणार नाही. पण ते तुमच्याजवळ थांबवता येईल, आणि वही मिटलीत तेव्हा तुम्ही ते केलेच आहे.

वह्यांमधले लिहू नका. पण वह्या होत्या हे लिहा. तीस वर्षांच्या कामाच्या चौदा वह्या आणि आत एकाही माणसाचे नाव नाही, स्वतःच्या कपाटातसुद्धा नाही. भावाला जी थोरवी दाखवायची आहे ती याहून वेगळी काय असेल?

जी माणसे स्वतःहून येऊन सांगतात त्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण तो त्यांचा हक्क आहे. त्यांना विचारा, हे पुस्तिकेत घेतले तर चालेल का, नावाने की नावाशिवाय, आणि लिहून झाल्यावर छापण्यापूर्वी ते त्यांना वाचायला द्या. भावनेच्या भरात हो म्हटलेला माणूस घरी जाऊन विचार बदलू शकतो. त्याला तेवढी सवड असली पाहिजे. कोणी नको म्हटले तर कारण विचारू नका.

प्रश्न : मला फार त्रास होतो आहे आणि तो कोणाला सांगायची लाज वाटते. ऑफिसमध्ये दुसऱ्या आठवड्यातच एकीने म्हटले, 'मावशीच तर होती ना?' काही अडचण आली की मी अजून मनात मावशीला विचारते आणि ती काय म्हणेल ते मला ऐकू आल्यासारखे वाटते. एका नातेवाइकाने शोकाच्या पाच पायऱ्या सांगून, आतापर्यंत तू स्वीकाराच्या पायरीवर यायला हवे होतेस, असे सुनावले. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : तुमचे काहीही चुकत नाही. 'माय मरो पण मावशी जगो' अशी म्हण ज्या भाषेत रुळली आहे त्या भाषेत 'मावशीच तर' हे शब्द कोणी उच्चारावेत, याचे मला वाईट वाटते. ज्या दुःखाला भोवतालचे लोक दुःख म्हणून मानायलाच तयार नसतात, त्याचा केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली स्वतंत्रपणे विचार मांडला. आई-वडील, पती-पत्नी, मूल गेले तर समाज माणसाला रडायला जागा देतो. मावशी, मित्र, शिक्षक गेले तर तीच जागा आखडते आणि शोक करणाऱ्याला आपल्या शोकाचे समर्थन करत बसावे लागते. तुमच्या बाबतीत तर भार दुहेरी आहे. माणूस गेले, आणि असे दुःख झाल्यावर ज्या माणसाकडे तुम्ही गेला असता तेही तेच माणूस होते.

पाच पायऱ्यांची गोष्ट एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९च्या पुस्तकातून आली. ते पुस्तक मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी केलेल्या बोलण्यावर आधारलेले होते. मागे राहिलेल्यांनी कोणत्या महिन्यात कोठे पोचावे याचे वेळापत्रक त्यात नव्हते. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ साली मांडलेले चित्र मला अनुभवाच्या जास्त जवळचे वाटते. शोकात असलेला माणूस कधी दुःखाकडे वळतो, कधी रोजच्या कामाकडे वळतो, आणि या येरझाऱ्यांतूनच सावरत जातो. त्यामुळे सकाळी नीट काम केले आणि संध्याकाळी कोसळलात, तर त्यात घसरण काही नाही.

मनात मावशीला विचारण्याविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण यातली भीती जुनी आहे. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली शोकाविषयी जे लिहिले त्यावरून पुष्कळांनी असा अर्थ काढला, की गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणे हेच शोकाचे काम. पण १९२० साली फ्रॉइड यांची मुलगी सोफी गेली, आणि ती असती तर छत्तीस वर्षांची झाली असती त्या दिवशी, १९२९ साली, त्यांनी एका मित्राला पत्र लिहिले. मित्रानेही मुलगा गमावला होता. तीव्र शोक ओसरतो, पण त्या माणसाची जागा कोणीही भरून काढत नाही आणि तसेच असावे, कारण त्या प्रेमाला सोडून न देण्याची तीच एक रीत आहे, अशा अर्थाचे त्यांनी त्यात लिहिले. पुढे १९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात अभ्यासाच्या आधारे हेच सांगितले गेले, की गेलेल्या माणसाशी नाते मनात चालू राहणे हे साधारणपणे निरोगीच असते. मावशी काय म्हणेल हे तुम्हाला कळते, कारण तिची विचारायची पद्धत तुमच्यात रुजली आहे. ती पद्धत लेखात उतरली तर मला आनंद होईल.

एक इशारा मात्र मनापासून देते. दीर्घकाळ तीव्र राहिलेल्या शोकाला आता वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांचा आणि अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या २०२२च्या आवृत्तीत प्रौढांसाठी किमान बारा महिन्यांचा काळ धरला आहे. पण मदत मागायला हे आकडे भरेपर्यंत थांबायचे नसते. रोजची कामे होत नसतील, झोप-जेवण तुटले असेल, तर या आठवड्यातच दुसऱ्या समुपदेशकाकडे जा, आणि जगू नये असे कधी मनात आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना व घरातल्या एका माणसाला सांगा. दुसऱ्या कोणापुढे मन मोकळे करणे ही मावशीशी प्रतारणा आहे, असे तुम्हाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. तिने स्वतः तीस वर्षे लोकांना अशाच दारातून आत घेतले होते.

प्रश्न : शेवटचे विचारते. तिने स्वतःचा आजार आमच्यापासून सात महिने लपवून ठेवला. सगळ्यांचे ऐकणाऱ्या बाईने आपले एक अक्षर सांगितले नाही. मला तिचा राग येतो आणि राग आला की लाज वाटते. हे लेखात यावे का?

उत्तर : यावे, पण एका वाक्यात यावे, आणि त्या वाक्यात कारण नसावे. तिने का सांगितले नाही हे तुम्हाला माहीत नाही आणि आता कळायचा मार्गही नाही. तिला आमची काळजी होती, तिला दया नको होती, असे जे जे आपण लिहू ते आपले समाधान असेल. 'तिने आपला आजार सात महिने आम्हाला सांगितला नाही आणि मला त्याचा अजून राग येतो', एवढे तुमचे खरे आहे. ते छापण्याआधी तिच्या मुलाला वाचून दाखवा. ती सात महिन्यांची गोष्ट तुमच्याइतकीच त्याचीही आहे, आणि त्याला ती नको असेल तर मी त्याच्या बाजूने असेन.

रागाची मला काळजी वाटत नाही. जिच्याकडे तुम्ही सगळे काही घेऊन गेलात तिने तुम्हाला आपल्याकडचे काहीच देऊ केले नाही, म्हणजे तुमची पाळी आली तेव्हा स्टुलावर बसायची संधी तुम्हाला मिळाली नाही. असा राग येतो, कारण प्रेमाला काहीतरी करायचे असते. पण त्या रागाचे सगळे बोलणे लेखात करू नका. त्यासाठी वेगळे कागद घ्या. जेम्स पेनेबेकर यांनी सँड्रा बीऑल यांच्यासोबत केलेल्या आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितले होते. घटना आणि तिच्याविषयीच्या भावना असे दोन्ही लिहिणाऱ्यांना त्या त्या दिवशी अधिक उदास वाटले, पण पुढच्या काही महिन्यांत ते इतरांपेक्षा दवाखान्यात कमी गेले. तुम्ही मावशीला उद्देशून लिहा, 'तू मला का सांगितले नाहीस' इथपासून. शुद्धलेखन पाहू नका, कोणाला दाखवू नका. लिहिताना फारच असह्य झाले तर थांबा आणि त्या दिवशी एकटे राहू नका. लेखाला त्यानंतर आठवडाभराने हात लावा.

प्रश्न : मी दोन वर्षे एका समुपदेशक बाईंकडे जात होतो. त्या गेल्याचे मला उशिरा कळले. त्यांच्या घरच्यांना मी ओळखत नाही. त्यांना पत्र लिहावेसे वाटते, पण त्यातून गुप्ततेचा भंग होईल का, आणि त्यांना ते आगाऊपणाचे वाटेल का? निघताना त्या दाराशी यायच्या आणि मी जिन्याच्या वळणावरून दिसेनासा होईपर्यंत दार लावायच्या नाहीत, ते सारखे आठवते.

उत्तर : गुप्ततेचे बंधन त्यांच्यावर होते; तुमची गोष्ट सांगायची की नाही हे ठरवणे सर्वस्वी तुमच्या हाती आहे. पत्र लिहा. ते एका पानाहून मोठे नसावे. तुम्ही कशासाठी जात होता हे लिहायची गरज नाही, आणि त्यांनी काही विचारू नये असे वाटत असेल तर 'उत्तराची अपेक्षा नाही' असे शेवटी लिहिलेत की पुरे. त्यांनी आपल्याविषयी घरी काही सांगितले होते का, असे विचारू नका. त्यांनी सांगितलेले नसणार आणि घरच्यांना उगाच अवघडल्यासारखे होईल. आगाऊपणाची शंका मला तरी येत नाही. वरच्या पत्रातल्या मुलीकडे पाहा. तिच्या मावशीचे काम बंद दाराआड झाले आणि त्यातले काहीच आपल्याला ठाऊक नाही, या जाणिवेने ती व्याकूळ झाली आहे. तुमच्या बाईंच्या घरीही तसे कोणी असेल. बाई दाराशी येऊन उभ्या राहत आणि तुम्ही जिन्याच्या वळणावरून दिसेनासे होईपर्यंत दार लावत नसत, हे त्यांच्या घरच्यांनी कधी पाहिलेले नसेल, कारण त्या वेळी ते आतल्या खोलीत असत. बाकी काही सुचले नाही तरी तेवढे लिहून पाठवा.